उघडल्यास गॅरंटी संपेल

पलूस, १८ ऑगस्ट १९९९

चिरंजीव देवदत्त यास तात्याचा आशीर्वाद.

तुझ्या आईचा, वहिनींचा गुडघा कसा आहे? पावसाळी हवेत तो ठणकणारच. त्यांना उगाच जिना चढायला लावू नकोस, आणि एरंडाचं पान शेकून बांधायला सांग. मयूरीचं पित्त कमी आलं का? पहाटे उपाशीपोटी चहा पिते ती, आधी ते बंद करा. सईचे पुढचे दोन दात आले का? ती मला फोनवर 'तात्या आजोबा' न म्हणता 'ताफ्या आजोबा' म्हणायची. आता नीट म्हणायला लागली असेल, याचंच वाईट वाटतं. आणि तुझ्या साताऱ्याच्या दुकानात फोन उचलणाऱ्या त्या मुलीची सर्दी बरी झाली का, तेही कळव. गेल्या महिन्यात मी सात वेळा फोन केला. सातही वेळा तिनं शिंकत शिंकत सांगितलं, "सर बाहेर गेलेत."

तुझ्या तब्येतीचं विचारत नाही. इतका बाहेर हिंडणारा माणूस ठणठणीतच असणार.

आता मुद्द्याचं. होळीच्या सुमारास तू अदलाबदलीसाठी लोकांचे जुने सेट नेलेस, आणि मे महिन्यात, वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधी, टेम्पोत घालून अकरा सपाट टीव्ही पाठवलेस. बरोबर चिठ्ठी होती : 'तात्या, गोल काचेचे दिवस संपले. मोठ्या कंपनीचा फ्लॅट लोकांना झेपत नाही, आपला झेपेल. जुना सेट द्या, नवा न्या.' मी एकतीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय. आधी रेडिओ, मग टीव्ही. या एकतीस वर्षांत मी कुणाला 'हे घ्या' म्हणालो नव्हतो, मोडलेलं आणा एवढंच म्हणालो. तुझ्यासाठी पहिल्यांदा 'घ्या' म्हणालो. अकराही सेट माझ्या शब्दावर गेले.

तुझा टीव्ही सगळाच वाईट आहे असं म्हणणार नाही. खारट ते खारट, पण गुळाला गूळ म्हणावं. काच सपाट, फडक्याचा एक हात मारला की लख्ख. जुन्या गोल काचेत खिडकी, दार, दारातली शेळी, सगळं गाव दिसायचं, ते इथं कमी. समोर बसलेल्याला खेळपट्टीच्या रेघा सरळ दिसतात. कोनाड्यात ठेवला तर घराला घरपण येतं. एका घरी मुलगी बघायला आलेले पाहुणे या सपाट टीव्हीपायी दोन घटका जास्त बसले आणि सोयरीक ठरवूनच उठले म्हणे. गरिबाला परवडणारी चीज आहे, आणि गरिबानं फक्त हलकंच वापरावं असं कुणी सांगितलंय?

आता खोडी ऐक. बटण दाबल्यावर चित्र यायला पाच मिनिटं लागतात. जयपाल अण्णांचं घर तुला माहीत आहे. जैनाचं घर, सूर्य बुडायच्या आत ताटं उचललेली असतात आणि मग सगळे ओसरीवर टीव्हीपुढं. अण्णा परवा मला भर चौकात म्हणाले, "तात्या, आमचा सूर्य मावळला की तुमचा टीव्ही उगवतोय. पण लय सावकाश उगवतोय बगा!" लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन भाकरी गोड लागली नाही.

कडेला बसलं की बातम्या देणारी बाई कमरेत वाकलेली दिसते. मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आकसतं, आटलेल्या स्वेटरसारखं. आणि एक गोष्ट मला कुठंच बसवता येईना. समोर दिवा धरला तर तो काचेत दोनदा दिसतो. एक दिवा पुढं, एक त्याच्या मागं, जरा मोठ्या पोटाचा. एका काचेत दोन दिवे कसे दिसतील, ते तू सांग.

सेटच्या पाठीवर तुझा स्टिकर आहे : 'उघडल्यास गॅरंटी संपेल.' असले स्टिकर मी आजवर शेकड्यानं फाडलेत. जे उघडता येत नाही ते आपलं नव्हे, हे मीच तुला शिकवलं. पण हा स्टिकर तुझा, म्हणून तीन महिने पाळतोय.

दसऱ्यासाठी आणखी तीस जणांनी माझ्याकडं नावं दिलीत. कवठे महांकाळपर्यंतची माणसं आहेत. त्यांना हो म्हणायच्या आधी मला त्या दोन दिव्यांचं उत्तर पाहिजे.

तात्या

*

पलूस, ५ सप्टेंबर १९९९

देवदत्त,

वहिनींना नमस्कार, सईला पापा. बाकी क्षेमकुशल पुढच्या वेळी. आज थोडक्यात.

काल बनाबाई आली. तिला तू विसरला नसशील. आपल्या दुकानामागं राहते, लहानपणी तुला गोवर निघाला तेव्हा काकूबरोबर तीही जागली होती. तिचा जोतीराम फौजेत आहे. या उन्हाळ्यात तिकडं लढाई पेटली आणि जोतीरामाचं पत्र येईना, तेव्हा तिनं टीव्ही घेतला. मालिका बघायला नाही, बातम्यांत कुठं पोराचं तोंड दिसतंय का ते बघायला. लढाई संपली, जोतीरामाचं खुशालीचं पत्र आलं, पण तिची सवय गेली नाही. रोज बातम्यांना काचेजवळ जाऊन बसते.

काल तो सेट हातगाड्यावर घालून आणला आणि माझ्या टेबलावर आदळला.

"तात्या, ह्यो टीव्ही न्हाई, मोतीबिंदू हाय."

"काय झालं?"

"समद्या शिपायांची तोंडं हिरवी. त्यात माझा जोत्या आसंल तर मी वळखायचा कसा?"

मी म्हणालो, "हा उघडला तर गॅरंटी संपती, बनाबाई. साताऱ्याला धाडावा लागंल."

"गॅरंटी कुनाची?"

"कंपनीची."

"कंच्या कंपनीची? मी कंपनी बगितलीया व्हय? तुमी म्हनला घे, मी घेतला. गॅरंटी तुमची. आन तुमी तर हितंच हाय न्हवं? का तुमीबी बाहेर गेलाय?"

देवा, तुझ्या फोनवरच्या मुलीचं वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते असं येऊन बसलं.

मी स्टिकर फाडला. चार स्क्रू काढले.

पुढं सपाट काच. काचच, नुसती, कपाटाला लावतात तशी. मधी दोन बोटं पोकळी. आणि मागं जुनी गोल ट्यूब, पोट पुढं काढून बसलेली. म्हणून दोन दिवे. पहिला तुझ्या काचेत, दुसरा तिच्या पोटावर.

ट्यूब दमलेली. इतकी दमलेली की रंग काढायला तिला धाप लागते. आणि तिला पळवायला, तिच्या हीटरला म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेला जादा व्होल्टेज मिळावं म्हणून, जास्तीच्या तारेचे दोन वेढे मारलेत. ती युक्ती कुणाची आहे? माझी. तुला कुणी शिकवली? मी. कशासाठी शिकवली? एखाद्या म्हाताऱ्याला नवी ट्यूब झेपत नसेल तर 'बाबा, चार-सहा महिने ढकलतो, पुढं ही मरणार' असं तोंडावर सांगून करायची. मरणाऱ्याला पाणी पाजायची युक्ती ती. तू तिनं मढं नटवून बाजारात बसवलंस.

जुना सेट द्या, नवा न्या. आता कळलं जुने सेट कुठं जात होते.

आणखी एक गोष्ट आत दिसली. ती आज लिहीत नाही. लिहिली तर लेखणी हातात राहायची नाही.

बनाबाईला काय सांगितलं? म्हणालो, पार्ट मागवावा लागेल. खोटं बोललो. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी पहिलं खोटं, तेही तुझ्यापायी. ती म्हणाली, "मागवा, मागवा. तुमच्या हातानं व्हतंय म्हनल्यावर मला काय घोर न्हाई." घरी गेल्यावर मी देवापुढं दिवा लावला आणि तिकडं पाठ करून बसलो.

उत्तर लिही.

तात्या

*

पलूस, २७ सप्टेंबर १९९९

देवदत्त,

गणपती गेले. तुझं पत्र आलं. चार ओळी. त्या तुला परत लिहून पाठवतो, कारण लिहिताना तू त्या वाचल्या नसणार :

'लोक फ्लॅट मागतात, फ्लॅट दिला. काच सपाट आहे की नाही? या किमतीत यापेक्षा चांगलं कुणी देत नाही. धंदा तुम्हाला कळायचा नाही, तुम्ही दुरुस्ती बघा.'

वा रे पठ्ठ्या! काच सपाट आहे. उद्या म्हैस म्हणून रेड्याला घंटा बांधशील आणि विचारशील, घंटा वाजते की नाही?

किमतीचं म्हणतोस ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. स्वस्तात चांगली वस्तू देता आली असती. गोल ट्यूब, जुनी, पण धड आहे ते बघून घेतलेली, साधी पेटी, आणि तोंडानं सांगितलं असतंस, 'जुन्यातून केलाय, तीन वर्षं जाईल', तर बनाबाईनं तो आनंदानं नेला असता. मीही खांद्यावर घेऊन पोचवला असता. स्वस्ताची लाज नाही रे. लाज झाकलेल्याची आहे.

पत्राबरोबर दसऱ्यासाठी पत्र्याची पाटी पाठवलीस. मोठ्या अक्षरांत : 'सपाट टीव्ही — नाथाजी तात्यांची खात्री.' मला न विचारता माझं नाव. ती मी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली. पाणी चांगलं अडतं. सपाट आहे.

मग मी काय केलं ते ऐक. जयपाल अण्णांचा आणि आणखी चौघांचा सेट साफ करायचं निमित्त करून उघडला. पाचही आतून तसेच. पण एक गोष्ट पाचांत सारखी होती. ट्यूबच्या पाठीवर, कंपनीच्या कागदाशेजारी, ब्लेडनं खरवडल्याच्या खुणा.

तिथं काय असायचं हे आता आपल्या दोघांनाच माहीत आहे. आपल्या दुकानाची रीत : सेट उघडला की बंद करायच्या आधी आत चिठ्ठी डकवायची. तारीख, खोड, काय केलं, कुणी केलं. पुढं कधी कुणी उघडलं, मग तो मिरजेचा असो की मुंबईचा, त्याला आधीच्या कारागिरानं काय केलं ते कळावं. माझं अक्षर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या तुझी काकू, राहीबाई, लिहायची. चौथी पास, पण अक्षर मोत्याचं. एका सेटच्या पोटात तीन तीन चिठ्ठ्या असायच्या, माणसाच्या हातावर देवीच्या खुणा असाव्यात तशा.

म्हणजे तू आपल्याच गिऱ्हाइकांचे जुने सेट नेलेस, राहीबाईच्या हातच्या चिठ्ठ्या ब्लेडनं खरवडल्यास, आणि त्याच ट्यूबा त्याच लोकांना परत विकल्यास. माझ्या तोंडून.

आता एक साधा प्रश्न. काकू गेल्यावर तिचा सेट मला घरात बघवेना. तू आलास, म्हणालास, "तात्या, हा अदलाबदलीत नाही घालत. काकूचा सेट साताऱ्याला माझ्या घरी राहील, सई बघेल." मी स्वतः दोरीनं बांधून दिला. तो सेट कुठं आहे? मयूरीला विचार, घरात कुठल्या खोलीत आहे ते बघ, आणि मला कळव.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असते. प्रसादाला सगळं गाव येतं, ती तीस नाववाली माणसंही येणार. तोवर ये. अकरा चांगल्या ट्यूबा घेऊन ये, नाहीतर नुसता ये आणि लोकांपुढं उभा राहा. दोन्हीतलं काही जमलं नाही तर बनाबाईचा सेट मी पूजेच्या पाटाशेजारी ठेवून सगळ्यांसमोर उघडणार आहे.

ही धमकी नाही. तारीख कळवतोय.

तात्या

*

पलूस, दसरा, १९९९

चि. देवा,

सोबत आपट्याची दोन पानं आहेत. एक वहिनींना, एक सईला. वहिनींचं पोस्टकार्ड आलं, गुडघा पानानं उतरला हे वाचून बरं वाटलं. मयूरीनं चहा सोडला नाही, पण आधी दोन खारका खाते म्हणे. चालेल. सईला दात आले. देव बरं करो.

तू आला नाहीस.

काल सकाळी मी टेबल धुतलं. मीटर, पक्कड, कानस, सोल्डरिंगच्या तारा, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं. खुंटीवरचं तुझं सोल्डरिंग आयर्न दरवर्षी मांडतो तसं मांडलं. तुला नव्हतं माहीत. चार वर्षांपूर्वी तू भांडून गेलास, पण त्याला फूल चुकलं नाही.

माणसं जमली. प्रसाद वाटला. मग मी बनाबाईचा सेट पुढं ओढला आणि म्हणालो, "थांबा जरा. दसऱ्याला टीव्हीसाठी नावं दिलेली माणसं कोण कोण आहेत, ती पुढं या."

पाठ काढली. सपाट काच सोडवून बाजूला ठेवली. गोल ट्यूब सगळ्यांना दिसली. बोट लावून दाखवलं, ही काच, ही पोकळी, ही जुनी ट्यूब. म्हणालो, "हे असं आहे. अकराच्या अकरा असेच. मी न उघडता तुम्हाला 'घ्या' म्हणालो. उघडून बघणं माझा धंदा, आणि तेवढंच मी केलं नाही."

मागून एकजण ओरडला, "तात्या, केलं कुनी ते सांगा की. नाव घ्या!"

मला वाटलं होतं, नाव घ्यायची वेळ आली की जीभ अडखळेल. नाही अडखळली. "देवदत्तनं केलं. माझ्या पुतण्यानं. त्याला हे काम मी शिकवलं, म्हणून निम्मा दोष माझ्याकडं धरा."

गलका झाला तो झालाच. एकजण म्हणाला, "साताऱ्याला जाऊन दुकानच फोडू!" जयपाल अण्णांनी त्याला गप्प केलं. "आरं बस खाली. तुला तुझ्या दारचा बल्ब बदलाया येत न्हाई, दुकान कसलं फोडतोस?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तात्या, तुमी आमाला फसवलं न्हाई. तुमाला फसवलं. पर एक बोलू? आमी तुमच्याकडं बघून घेतला, आन तुमी त्याच्याकडं बघून. टीव्हीकडं कुनीच बघितलं न्हाई." हसत म्हणाले, पण रात्रभर मला ते टोचत राहिलं.

तीस नावं मी सगळ्यांसमोर खोडली. दोघं-चौघं प्रसाद पाटावर तसाच ठेवून निघून गेले. आजवर या दुकानातून प्रसाद ठेवून कुणी गेलं नव्हतं. ते मी बघितलं. तूही बघायला पाहिजे होतंस.

बनाबाई शेवटपर्यंत बसून होती. मी दुकानातला माझा स्वतःचा सेट तिच्या हातगाड्यावर चढवला. जुना, गोल काचेचा, पण माणसाचं तोंड माणसासारखं दाखवणारा. ती म्हणाली, "आन त्या देवाला काय?"

मी म्हणालो, "त्याला काय?"

"आवं, गोवर निगाला तवा तोंडावर चादर घिऊन पडायचा त्यो. तोंड दावायचा न्हाई. 'मला कुनी बघू नगा' म्हनायचा. आताबी तसंच आसंल. चादर वडा त्याची."

म्हणून आज लिहितोय. सप्टेंबरात लिहिलं नाही ते आता लिहितो.

बनाबाईच्या सेटमधली ट्यूब राहीबाईच्या सेटची आहे. मयूरीला विचारायला सांगितलं तेव्हाच मला माहीत होतं. ट्यूबच्या पाठीवर चिठ्ठी आहे, अख्खी. मोत्याच्या अक्षरात : '१२ मार्च ९४. लाल रंग येत नव्हता. देवाने एकट्याने नीट केला. तात्यांनी हात लावला नाही. — राहीबाई.'

तू एकट्यानं दुरुस्त केलेला पहिला सेट. त्या दिवशी तिनं शेवयाची खीर केली होती आणि मी म्हणालो होतो, अजून कच्चा आहे पोरगा. ती म्हणाली होती, कच्चा असू दे, खोटा नाही.

काल लोकांना ट्यूब दाखवताना मी त्या चिठ्ठीवर अंगठा धरून ठेवला होता. तुझं नाव घेतलं, पण ती नाही दाखवली. ती गावाची नव्हे.

बाकी पाच सेट मी परवा संध्याकाळपर्यंत उघडले. तीन ठिकाणी खरवडलेलं. दोन ठिकाणी चिठ्ठी नव्हतीच कधी, ती परगावची गिऱ्हाइकं. म्हणजे आपल्या हातच्या जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या गेल्या, हीच एक राहिली. कडेला ब्लेडची एक बारीक रेघ आहे. सुरुवात झाली होती, आणि थांबलं.

महिनाभर मी याच एका रेघेशी भांडतोय. ब्लेड कुणाच्या हातात होतं? तुझ्या कारागिराच्या असेल आणि मधेच चहा आला म्हणून तो उठला असेल, तर तिथं काहीच अर्थ नाही, आणि माझं-तुझं संपलं. काकूचा सेट विकलास तो विकलासच. पण ब्लेड तुझ्या हातात असेल, आणि ते अक्षर वाचून तुझा हात पुढं गेला नसेल, तर मला ते कळलं पाहिजे. रागवायचं मी काही बंद करणार नाही, त्या भ्रमात राहू नकोस. दहा घरांच्या ट्यूबा तुलाच बदलून द्यायच्या आहेत, आणि प्रसाद ठेवून गेलेल्या माणसांच्या दारात तुलाच जायचं आहे. पण तेव्हा मी तुझ्या शेजारी चालेन. एवढाच फरक.

तो सेट टेबलावर उघडाच आहे. काकूच्या चिठ्ठीखाली मी दुसरी डकवली. तारीख घातली, खोड लिहिली : 'दमलेली ट्यूब, वर सपाट काच.' 'काय केलं' आणि 'कुणी केलं' या दोन जागा कोऱ्या ठेवल्यात.

तुझी तब्येत कशी आहे, देवा? झोप लागते का? जेवण जातं का? पहिल्या पत्रात विचारलं नाही, ते तेव्हापासून मनात अडकलंय.

ब्लेड कुणाच्या हातात होतं, तेवढं लिही. मयूरीकडून नको, फोनवरच्या मुलीकडून नको, तुझ्या हातानं. खोटं लिहिलंस तरी मला कळेल, आणि खरं लिहिलंस तरी कळेल. पण लवकर लिही. सेट असा उघडा फार दिवस ठेवता येत नाही, आत धूळ बसते.

तुझा तात्या